रोजच्या वाटेची दुसरी गाडी

22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, वरचा अधिभारही गेला, आणि घरात दुसरी गाडी घ्यायची का, हा बऱ्याच ठिकाणी लांबणीवर पडलेला विषय पुन्हा निघाला. छोटी गाडी म्हणजे चार मीटरच्या आतली आणि पेट्रोल किंवा सीएनजी असेल तर 1200 सीसीपर्यंत, डिझेल असेल तर 1500 सीसीपर्यंतचं इंजिन असलेली. अल्टो के10 ची शोरूममधली किंमत त्या वेळी 3 लाख 70 हजारांपासून सुरू झाली, एस-प्रेसोची साडेतीन लाखांपासून. नव्या गाड्या स्वस्त झाल्या तसं जुन्या गाड्यांच्या बाजाराचंही गणित हललं. त्यामुळे दोन-तीन वर्षांपूर्वी कुणी दिलेला चांगला सल्ला आज जसाच्या तसा लागू पडत नाही.

पुण्या-ठाण्याकडच्या बऱ्याच घरांत आधीच एक अर्टिगा नाहीतर क्रेटा उभी असते. गावाला, लग्नकार्याला, देवदर्शनाला ती उत्तम. पण सोमवार ते शुक्रवार तीच गाडी एकट्या माणसाला घेऊन वारज्याहून हिंजवडीला किंवा घोडबंदरहून ऐरोलीला जाते, आणि घरातल्या दुसऱ्या नोकरदाराला रिक्षा शोधावी लागते. दुसऱ्या गाडीकडून अपेक्षा मोजकीच असते. एक माणूस, फार तर दोन. लॅपटॉपची बॅग आणि डबा. पावसात भिजू नये, उन्हात एसी चालावा, सकाळी चावी फिरवली की निघता यावं. सात सीट, मोठी डिकी, घाटातला पिकअप, सनरूफ यांचे पैसे पहिल्या गाडीत मोजून झालेले असतात. ते पुन्हा मोजू नयेत. आणि ज्यांचं घर व कचेरी दोन्ही पिंपरी-स्वारगेट किंवा वनाज-रामवाडी मेट्रोच्या हाकेच्या अंतरावर आहेत, त्यांनी आधी महिनाभर मेट्रोने जाऊन पाहावं. दारात उभ्या असलेल्या गाडीलाही विमा आणि हप्ता लागतो, आणि तिची किंमत उतरायची काही थांबत नाही.

गरज आहे हे नक्की झालं, की माझ्या मते सगळा निर्णय दोन आकड्यांवर येतो: रोजचे किलोमीटर किती, आणि विकेपर्यंत गाडीत किती पैसे बुडणार. आपण मात्र सुरुवात तिसऱ्याच आकड्यापासून करतो. “ॲव्हरेज किती देते?”

हा ॲव्हरेजचा अधिकृत आकडा कुठून येतो ते पुणेकरांच्या डोळ्यांसमोरच आहे. वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या संस्थेत, किंवा तशाच दुसऱ्या अधिकृत प्रयोगशाळेत, गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या वेगाच्या आलेखाप्रमाणे चालवतात. एसी बंद असतो. भूमकर चौकातल्या कोंडीतली वीस मिनिटं त्या आलेखात नाहीत. अल्टो के10 च्या मॅन्युअल गाडीचा अधिकृत आकडा लिटरला 24.39 किलोमीटर आहे, पण शहरात एसी लावून, बंपरला बंपर लागलेल्या रहदारीत, पंधरा-सोळा मिळाले तरी गाडीत काही बिघाड आहे असं समजू नये. दोन गाड्यांची आपसांत तुलना करायला हा आकडा उपयोगी आहे, महिन्याचा खर्च काढायला नाही.

त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. पंपावर सर्रास ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात असा अंदाज होता, की ई10 ला जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज ई20 मुळे 6 ते 7 टक्क्यांनी घटेल आणि ई20 ला जुळवलेल्यांचं 1 ते 2 टक्क्यांनी. एप्रिल 2023 च्या आधी बनलेली गाडी घेणार असाल तर ही घट हिशेबात धरा, आणि इंधनाच्या नळ्या व रबरी सील मेकॅनिककडून एकदा नीट पाहून घ्या.

आता हिशेब. पेट्रोल 104 रुपये लिटर धरू, सीएनजी 92 रुपये किलो, आणि महिन्याला 25 दिवस कामावर जाणं. जाऊन-येऊन 40 किलोमीटर असतील तर वर्षाला 12,000 होतात. लिटरला 15 मिळाले तर पेट्रोलचे 83,200 रुपये. सीएनजीवर किलोला 24 मिळाले तर 46,000. वर्षाला 37 हजारांचा फरक. कंपनीने बसवलेल्या सीएनजीच्या गाडीला पेट्रोलपेक्षा साधारण 90 हजार जास्त पडतात. ते अडीच वर्षांच्या आत सुटतात. पण अंतर रोजचं 15 किलोमीटर असेल तर वर्षाची बचत 14 हजारांवर येते आणि तेच 90 हजार सुटायला साडेसहा वर्षं लागतात. शेजाऱ्याला सीएनजी परवडली म्हणून ती आपल्यालाही परवडेल असं नाही. त्याची कचेरी चाकणला असते, आपली दोन चौक पलीकडे.

किंमत उतरण्याकडे लोकांचं लक्ष फार कमी जातं. नवी छोटी पेट्रोल गाडी रस्त्यावर येईपर्यंत पावणेपाच लाखांना पडली आणि पाच वर्षांनी अडीच लाखांना गेली असं धरा. सव्वादोन लाख बुडाले, म्हणजे वर्षाला 45 हजार. रोज 15 किलोमीटर चालवणाऱ्याला हे किलोमीटरमागे दहा रुपये पडतात, आणि पेट्रोल सातच रुपये. म्हणजे जो कमी चालवतो त्याने ॲव्हरेजपेक्षा गाडीची किंमत किती उतरणार हे जास्त काळजीने पाहायला हवं. अशा माणसाने चार-पाच हजारांच्या बचतीसाठी नवीन, महाग इंजिनाच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

मग जुनी गाडी? इथेच जीएसटीच्या कपातीने उत्तर बदललं आहे. पाच वर्षं वापरलेली गाडी तीन लाखांना घेतली, चार वर्षांनी एक लाख ऐंशी हजारांना विकली, तर वर्षाला 30 हजार बुडाले. टायर, बॅटरी, क्लच प्लेट, सस्पेन्शन यांचे वर्षाला दहा हजार वरचे धरले की बेरीज 40 हजार. नव्या गाडीच्या 45 हजारांपासून ती फार लांब नाही. जुन्या गाडीसाठी कर्ज काढलं तर उरलेला फरकही जातो: तीन लाखांवर चार वर्षांत 9 टक्क्यांनी साधारण 58 हजार व्याज होतं, 13 टक्क्यांनी 86 हजार, आणि जुन्या गाडीचं कर्ज नव्यापेक्षा महागच मिळतं. तेव्हा माझा ठोकताळा असा आहे: रोखीने आणि नव्याच्या निम्म्या किमतीच्या आसपास मिळत असेल तर जुनी घ्या. विकणारा नव्याच्या 70-75 टक्के मागत असेल तर हात जोडून पुढे चला आणि नवीच घ्या. नव्या अल्टोतही आता सहा एअरबॅग येतात, ही जमेची बाजू वेगळीच.

सुरक्षिततेबद्दल मला थोडं थांबून बोलायचं आहे, कारण स्वस्त गाडीच्या चर्चेत हा विषय पहिला गळतो. 2014 मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातल्या लोकप्रिय छोट्या गाड्यांची एअरबॅग नसलेली मॉडेलं धडकवून पाहिली, तेव्हा अल्टो 800, नॅनो, आय10, फिगो, पोलो या सगळ्यांना शून्य तारे मिळाले. त्यानंतर नियम बदलत गेले. एप्रिल 2019 पासून एबीएस, जुलै 2019 पासून चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारा आवाज आणि रिव्हर्स सेन्सर, आणि जानेवारी 2022 पासून शेजारच्या सीटचीही एअरबॅग सक्तीची झाली. जुनी गाडी घेणाऱ्याला याचा सरळ उपयोग आहे: आरसीवरचा उत्पादनाचा महिना वाचा. जुलै 2019 नंतरची गाडी ही माझ्या दृष्टीने किमान पायरी आहे. त्याआधीची घ्यायचीच असेल तर वरचं मॉडेल, दोन एअरबॅग आणि एबीएस असलेलं, शोधून घ्या. ती 20-30 हजारांनी महाग पडेल, पण ही गाडी आपल्या घरातलं माणूस रोज दोन वेळा हायवेच्या कडेने ट्रक आणि डंपरच्या मधून नेणार आहे. त्या ठिकाणी काटकसर करू नये. ताऱ्यांचा विचार केला तर टियागोला ग्लोबल एनकॅपच्या 2020 च्या चाचणीत चार तारे मिळाले होते. वॅगनआरला 2023 मध्ये एकच. वॅगनआर म्हणून सोडून द्यावी असं मी म्हणणार नाही, पण दोघींची किंमत सारखी लागत असेल तर माझं मत टियागोकडे जातं.

सीएनजीच्या बाबतीत पैशांखेरीज दोन गोष्टी रोज भेटतात. एक, पंपावरची रांग. पुण्यात एमएनजीएल आणि मुंबईत महानगर गॅस यांचं जाळं वाढलं आहे, तरी संध्याकाळी रांग असतेच, आणि प्रेशर कमी असेल तर टाकी अर्धीच भरते. आपल्या वाटेवर, डाव्या हाताला, पंप आहे का हे गाडी घेण्याआधी पाहा. दुसरी, डिकी. साठ लिटरच्या सिलिंडरने ती जवळपास संपते. टाटाने 2023 पासून आणि नंतर ह्युंदाईने दोन लहान सिलिंडर खाली बसवून थोडी जागा वाचवली आहे. दुसऱ्या गाडीला डिकी नसली तरी चालतं, म्हणून मी याला फार महत्त्व देत नाही. जुनी सीएनजी गाडी घेताना मात्र सिलिंडरची दर तीन वर्षांनी करायची हायड्रो टेस्ट झाली आहे का, आणि किट बाहेर बसवलं असेल तर आरसीवर त्याची नोंद आहे का, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

विजेवरच्या गाडीला रोजची ठरलेली वाट फार मानवते. कुठे जायचं, किती किलोमीटर, परत कधी यायचं, सगळं ठाऊक असतं. लांबच्या प्रवासाला पहिली गाडी आहेच. टियागो ईव्ही 19.2 आणि 24 युनिटांच्या बॅटरीत येते, एमजी कॉमेट 17.3 युनिटांच्या. युनिटला सात किलोमीटर आणि युनिटचा दर 11 रुपये धरला तर आपल्या 12,000 किलोमीटरचा वर्षाचा खर्च 19 हजारांच्या आत बसतो. पेट्रोलपेक्षा 64 हजारांनी कमी. या किमतीच्या विजेच्या गाडीला महाराष्ट्रात रस्ता कर माफ आहे, तर पेट्रोलच्या गाडीला दहा लाखांपर्यंत 11 टक्के लागतो. तरीही टियागोच्या पेट्रोल आणि विजेच्या मॉडेलमध्ये हातात साधारण तीन लाखांचा फरक उरतो, आणि तो सुटायला या अंतराला पावणेपाच वर्षं लागतात. रोजचे 70 किलोमीटर असतील तर तीन वर्षांच्या आत सुटतो. म्हणजे तळेगाव किंवा रांजणगावला रोज जाणाऱ्याने हिचा विचार गांभीर्याने करावा.

त्यातली खरी अट पार्किंगची आहे. आपल्या जागेवर 15 ॲम्पिअरचा प्लग हवा, रात्रभरात गाडी भरते. सोसायटीच्या सभेत तो विषय मंजूर करून घेतल्याशिवाय बुकिंगचे पैसे भरू नका. आणखी एक बाब शोरूममध्ये सहसा कुणी सांगत नाही: महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो, 100, 300 आणि 500 युनिटांवर. गाडीचे महिन्याला 140 युनिट वाढले की घराचं बिल वरच्या टप्प्यात जातं आणि 11 रुपयांचा माझा हिशेब बिघडतो. गाडीसाठी वेगळं मीटर घेता येतं; सोसायटीत आधीच कुणी घेतलं असेल तर त्याचं बिल मागून पाहा. विजेची जुनी गाडी लवकर स्वस्त होते हे विकणाऱ्याचं दुखणं आणि घेणाऱ्याची संधी आहे. बॅटरीवर आठ वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची हमी असेल आणि ती दुसऱ्या मालकाकडे जात असेल, तर तीन वर्षं वापरलेली ईव्ही हा आजच्या बाजारातला चांगला सौदा ठरू शकतो.

डिझेलचं लवकर आटोपतो. एप्रिल 2020 ला बीएस-6 आलं आणि मारुतीने डिझेल सोडलं. रांजणगावला बनणारं ते 1.3 लिटरचं इंजिन, ज्याने स्विफ्टसारख्या गाड्या वर्षानुवर्षं ओढल्या, तेही तेव्हाच थांबलं. बीएस-6 डिझेलमध्ये धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि तो साफ व्हायला गाडी अधूनमधून सलग वेगात धावावी लागते. रोज दहा किलोमीटर रखडत जाणाऱ्या गाडीत तो तुंबतो. शहरातल्या दुसऱ्या गाडीसाठी डिझेल नको.

गिअरचा प्रश्न पैशांइतकाच गुडघ्याचा आहे. 2014 मध्ये सेलेरिओने क्लच न दाबता गिअर बदलणारं एएमटी आणलं आणि स्वस्त गाडीत डाव्या पायाला आराम मिळाला. 45-50 हजार जास्त द्यावे लागतात, गिअर बदलताना किंचित हिसका बसतो, पण दीड तासाची रहदारी असेल तर हे पैसे खर्च करावेत असं मी म्हणेन. जुनी एएमटी घेताना चढावर थांबवून पुन्हा सोडून बघा. मागे घसरत असेल किंवा धक्के देत असेल तर क्लचचा खर्च किमतीतून वजा करा.

जुनी गाडी पाहायला जाताना सोबत मेकॅनिक न्या. त्याला हजार-पंधराशे द्या, ते वसूल होतात. इंजिन थंड असताना पोहोचा. बॉनेटला हात लावा, गरम लागलं तर विकणाऱ्याने आधीच गाडी सुरू करून ठेवली आहे. ऑइलचं झाकण उघडा, आतून पांढरट साय दिसली तर पाणी मिसळत असण्याची शंका घ्या. टायरवर चार आकडे असतात, 2321 म्हणजे 2021 चा 23 वा आठवडा. पाचव्या वर्षापुढचे टायर बदलायचेच आहेत असं धरून चाला. दारांच्या कडेचं रबर ओढून आतले वेल्डिंगचे ठिपके सगळीकडे सारखे आहेत का ते पाहा.

चिंचवडच्या एका मेकॅनिकसोबत मी एका विक्रेत्याकडे गेलो होतो. गाडी चकचकीत होती, सीट कव्हर नवे, आत अत्तराचा वास. मेकॅनिकने इंजिनाकडे पाहिलंही नाही. त्याने आधी मागच्या सीटचा बेल्ट धरला आणि ओढत राहिला, पार शेवटपर्यंत. बेल्टचा तळाचा वीतभर भाग तपकिरी होता, कडेला वाळलेल्या गाळाची रेघ. मग त्याने पुढची सीट मागे सरकवून रुळाचे बोल्ट दाखवले. ते गंजून फुगले होते. “पाण्यात गेलेली आहे साहेब, वायरिंग दर पावसाळ्यात पैसे मागणार,” एवढंच बोलला. 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि जुलै 2021 मध्ये चिपळूणला पूर आला तेव्हा शेकडो गाड्या पाण्याखाली गेल्या, आणि त्यांतल्या काही धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यांत विकायला आल्या नसतील असं मानायला जागा नाही. सगळे धुतात, पण बेल्टचा तो गुंडाळलेला शेवट सहसा कुणी धूत नाही.

मीटर मागे केलेलं आहे का, हे स्टिअरिंग, पेडलचं रबर आणि चालकाच्या सीटची कड सांगतात. त्याहून पक्कं उत्तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदींत मिळतं. दिल्ली पासिंगच्या स्वस्त गाड्यांचा मोह होतो. तिथे दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आल्यामुळे त्या कमी दरात निघतात. पण एनओसी, इथला रस्ता कर आणि नव्या नंबरासाठी आरटीओच्या फेऱ्या धरल्या की स्वस्ताई बरीच वितळते. टॅक्सी पासिंग रद्द करून प्रायव्हेट केलेली वॅगनआर आली तर ती दोन-अडीच लाख किलोमीटर धावलेली असू शकते, मीटर काहीही म्हणो. ज्या कंपन्यांनी देशात गाड्या बनवणं सोडलं त्यांच्या गाड्याही स्वस्त दिसतात. तळेगावात बनलेली शेवरोले बीट मी आज घेणार नाही; शेवटच्या वर्षांतली फोर्ड फिगो, पार्ट माहीत असलेला मेकॅनिक जवळ असेल तर, घेईन.

कागदांत कंटाळा करू नका. सरकारच्या वाहन पोर्टलवरच्या नोंदीत मालक कितवा, बोजा उतरला आहे का, विमा चालू आहे का ते दिसतं. ई-चलन किती थकलं आहे ते वेगळं तपासा, कारण दंड गाडीच्या मागे लागलेला असतो. 2019 च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरची पाटी, बसवली आहे का तेही पाहा. नावावर करण्यासाठी 29 आणि 30 नंबरचे फॉर्म, कर्ज फिटलेलं असेल तर बँकेचा 35 नंबरचा. राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत ट्रान्स्फर कळवायला हवी आणि विमाही त्याच मुदतीत आपल्या नावावर घ्यायला हवा. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो गाडीसोबत येत नाही, म्हणून पहिला हप्ता अंदाजापेक्षा जास्त येतो. विकणाऱ्यालाही घाई हवी: 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे, की अपघाताच्या भरपाईसाठी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक. त्यामुळे चावी देताना तारीख आणि वेळ घालून ताबा पावती दोघांच्या सहीने करा, आधीच्या मालकाला त्याचा फास्टॅग बंद करायला सांगा, आणि शेवटचे दहा-पंधरा हजार रुपये, तसं आधी लिहून घेऊन, हातात राखून ठेवा. वाहनच्या नोंदीत आपलं नाव चढलं की त्याच दिवशी ते द्यायचे.